वाटीवर हात

वाटी सगळ्या गावाची होती, पण घासायची मात्र पाटकरणीने एकटीनेच.

तांब्याची वाटी, तळहातात मावेल एवढी, बुडाला एक बारीक भोक. तलावाच्या दारापाशी पत्र्याची शेड होती, तिथे एका मोठ्या पातेल्यात पाटाचं पाणी भरून ठेवलेलं असे. त्यावर ही वाटी सोडायची. भोकातून पाणी आत येत राही, वाटी जड होत जाई आणि शेवटी गुडूप. पाटकरी ती काढून रिकामी करी, पुन्हा पाण्यावर सोडी आणि पुढ्यात एक खडा ठेवी. चार खडे झाले की एकाची पाळी संपली. मग तो उठून टांगलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडी हाणायचा, तो आवाज पार खालच्या शेतांपर्यंत जायचा, आणि ज्याची पाळी सुरू झाली त्याने पाटात मातीचा बांध घालून पाणी आपल्याकडे वळवायचं. अठ्ठेचाळीस वाटेकरी, रोज सहा पाळ्या, आठ दिवसांत एक फेरी.

घड्याळं गावात नव्हती असं नाही. मध्यंतरी घड्याळावर पाळी देऊन पाहिली होती. पंधरा दिवसांत सात भांडणं झाली आणि एकाचं डोकं फुटलं, कारण ज्याच्या त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या त्याच्या सोयीने चालत होतं. घड्याळ ज्याचं त्याचं, वाटी सगळ्यांची, असं म्हणत गाव मुकाट्याने परत वाटीवर आलं. पाटकऱ्याच्या घरात ही वाटी चार पिढ्या होती. त्याचं नाव काय हे पोस्टमन सोडला तर कोणाला धड आठवत नसे, आणि त्याची बायको ती पाटकरीण.

लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला सांगितलं होतं, "दुपारी जेवण घेऊन गेलीस की वाटी राखेने घासायची, भोकातला गाळ काट्याने काढायचा, पातेल्यातलं पाणी बदलायचं. दिवसातून एकदाच. जास्त घासलीस तर झिजेल आणि गाव आपल्या नावाने शंख करील." अठ्ठावीस वर्षं ती तेच करत आली. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेरात राखेची काळी रेघ कायमची बसली होती.

त्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला. पाण्यापेक्षा गाळच जास्त येत होता. सकाळी दार उघडलं की पहिले काही तास पाट गढूळ, हे दरवर्षीचंच; आता तो चहासारखा वाहायचा, दुपारनंतर जरा निवळायचा. रोजच्या सहांपैकी वरच्या शेतांच्या तीन पाळ्या सकाळी, खालच्यांच्या तीन दुपारनंतर. आधी तसं नव्हतं. आधी एका फेरीत रोजची सुरुवात वरून व्हायची, पुढच्या फेरीत खालून. सात वर्षांपूर्वी मास्तरांनी ठराव आणला की खालून सुरुवात केली तर कोरड्या पाटात फुकट पाणी मुरतं, सबब सार्वजनिक हितासाठी सुरुवात कायम वरून व्हावी. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पाणी कमिटीचे प्रमुख. सार्वजनिक हित हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की घरात चहा गोड झाला तरी ते तोच काढतात, असं लोक म्हणत. पण बोलणं खरं होतं, पाणी मुरत होतंच. वरच्यांनी हात वर केले, खालच्यांनीही केले. मास्तरांचं स्वतःचं शेत वरच होतं, पण ते त्यांच्या मनातही आलं नसेल. माणूस तसा सरळ होता.

खाली अगदी टोकाला, पाट जिथे संपतो तिथे, एका विधवेची लिंबाची बाग होती. बावीस झाडं, नवऱ्याने मरायच्या आधी लावलेली. गाव तिला शेपटावरची म्हणायचं. गेली पाच वर्षं ती प्रत्येक सभेत उठून एकच सांगायची, "माझी पाळी तोकडी येते." लोक हसायचे. वाटी सगळ्यांना सारखी, मग हिलाच कशी तोकडी? वाटीकडे बोट दाखवल्याशिवाय हिला अन्न पचत नाही, असं झालं होतं. आणि महिन्यापूर्वी, लोखंड वाजल्यावर शेजाऱ्याने घातलेला बांध तिने खोऱ्याने फोडला आणि पाणी आणखी पाव तास आपल्या झाडांना घेतलं. मग स्वतःच बांध परत घातला. सभेत विचारलं तर म्हणाली, "माझं होतं तेवढंच घेतलं."

कमिटीने तिची पाळी दोन फेऱ्या बंद केली. तिसऱ्या फेरीपासून पाणी द्यायचं, पण आधी तिने सगळ्यांसमोर वाटीवर हात ठेवून म्हणायचं: वाटी खरी, मी खोटी.

*

पाटकरणीला ताप भरला म्हणून हे सगळं उघडकीला आलं.

एक दिवस ती उठूच शकली नाही. शेजारणीने जेवण पोचवलं, वाटी तशीच राहिली. घासणं बायकांचं काम, पाटकऱ्याच्या डोक्यातही ते आलं नाही. त्या दिवशी खालच्यांच्या तीन पाळ्या संपायला नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त लागला. खालचे खुशीत घरी गेले. वरच्यांमधला एक नंबर मात्र थेट पाटकऱ्याच्या दारात आला. फेरीतली सगळ्यात पहिली पाळी याची, म्हणून हा एक नंबर, आणि आवाजही त्याच नंबरचा.

"काय पाटकरी, आज हात खाली झुकला म्हणायचा," तो म्हणाला. "खालून काही आलं का घरपोच?"

पाटकऱ्याच्या घराने चार पिढ्यांत असं ऐकलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. "चार वाट्या म्हणजे चार वाट्या," तो म्हणाला. "खडे मोजून घे."

"खडे तुझ्याच हातात असतात ना," असं म्हणून एक नंबर गेला.

पाटकरी आत येऊन बायकोच्या अंथरुणापाशी उभा राहिला. तिच्या तापाची चौकशी न करता म्हणाला, "तू नाही आलीस म्हणून माझी अब्रू गेली." आणि वाटी कोनाड्यात ठेवली.

तापातसुद्धा ते वाक्य तिला बोचलं. मी नाही आले म्हणजे काय नाही झालं? घासणं नाही झालं. घासलं नाही तर पाळी लांबते, म्हणजे घासलं की ती आखूड होते. ती पडल्या पडल्या हाच हिशेब करत राहिली आणि तिला त्या तापात थंडी वाजली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशीही तिने वाटीला हात लावला नाही. संध्याकाळी वाटी घरी आल्यावर तिने पातेलं भरलं, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसली आणि गाळाने बुजलेली वाटी पाण्यावर सोडली. सत्तावीस मिनिटं. मग काट्याने भोक मोकळं केलं, राखेने घासली, त्याच पाण्यावर पुन्हा सोडली. तेवीस. तिला पटेना. पुन्हा सोडली. तेवीस.

एका वाटीला चार, चार वाट्यांना सोळा. शेपटावरचीने फोडलेला बांध पाव तास वाहिला होता.

गाळ रात्रीतून भोकात वाळून घट्ट बसायचा, तो दुपारी घासेपर्यंत सुटत नसे. आधी सुरुवात आलटून पालटून व्हायची, तेव्हा गाळाची वाटी कधी वरच्यांच्या वाट्याला यायची, कधी खालच्यांच्या. फिटंफाट व्हायची. सात वर्षांपूर्वी तो ठराव झाला, आणि तेव्हापासून सकाळची बुजलेली वाटी कायम वरच्यांची, दुपारची घासलेली कायम खालच्यांची. कोणी चोरी केली नव्हती. तिने फक्त रोज आपलं काम नीट केलं होतं. जितकी नीट घासली, तितकं खालच्यांचं पाणी तिने कापलं होतं. तिने आपला अंगठा पाहिला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो आधी चिडला, मग दोनदा स्वतः वाटी सोडून पाहिली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसला.

"हे तू कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. मास्तरांकडे जाऊ."

*

मास्तरांनी दोघांना ओसरीवर घेतलं. पाटकऱ्याला खुर्ची दिली, पाटकरणीला "बसा वहिनी" म्हणाले, पण दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ती खांबाला धरून उभी राहिली. सगळं ऐकून घेताना मास्तरांनी चष्मा तीनदा पुसला.

"ठराव माझा," ते शेवटी म्हणाले. "मी कोणाचं वाईट करायला आणला नव्हता."

"कोण म्हणतंय तसं?" पाटकरी म्हणाला.

"चूक झाली, ती दुरुस्त करू. उद्यापासून वाटी पहाटेही घासा, दुपारीही घासा. दोघांना सारखं पाणी. झालं."

"आणि सांगायचं कधी?" पाटकरीण म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला की बघत असतील तसं. "वहिनी, पाट कशावर चालतो? दारावर पोलीस आहे? कुलूप आहे? अठ्ठेचाळीस माणसं वाटीला मानतात म्हणून चालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मी म्हटलं की सात वर्षं वाटी खोटी होती, तर परवा खालचे म्हणतील आमचं सात वर्षांचं पाणी परत द्या. कुठून द्यायचं? वरचे म्हणतील आम्ही काय पाप केलं? खोरी डोक्यात बसतील. तलावात वीस दिवसांचं पाणी आहे. भांडणात दहा दिवस गेले तर दोन्हीकडचं जळेल. मला सगळ्यांचं बघावं लागतं."

बोलण्यात खोट काढता येईना. तेच तर तिला सहन होईना.

"मग शेपटावरचीला तसंच म्हणायला लावायचं? वाटी खरी, मी खोटी?"

"तिने बांध फोडला. शिक्षा बांध फोडल्याची आहे."

"पण का फोडला?"

"प्रत्येकाने आपल्या मनाने पाणी मोजलं तर गाव कशाला हवं?" मास्तर सावकाश म्हणाले. "आणि ती म्हणेल तेव्हा वाटी खरीच असेल की. उद्यापासून दोनदा घासणार ना तुम्ही?"

वाटेत पाटकरी एवढंच म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." पहाटे उठून तिने वाटी घासली.

*

सभा संध्याकाळी होती. सकाळी पाटकरीण शेपटावरचीच्या बागेत गेली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, एकेकाळी एकाच दगडावर कपडे आपटलेल्या. मधल्या पाच वर्षांत बोलणं सुटलं होतं, कारण वाटीला नाव ठेवणारीशी वाटीच्या घरातली बाई काय बोलणार?

बागेची कळा गेली होती. पानं आतल्या बाजूला वळलेली, लिंबं गोटीएवढी होऊन गळलेली. बुंध्यांभोवती शेपटावरचीने पालापाचोळा अंथरला होता आणि भांडी धुतलेलं पाणी तांब्या तांब्याने घालत होती. एका झाडाला एक तांब्या. शेवटच्या दोन झाडांची साल सुटायला लागली होती. तिथे ती थांबलीच नाही.

पाटकरणीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाळ, काटा, सत्तावीस, तेवीस. "माझ्या हाताने झालं गं," ती म्हणाली.

शेपटावरचीने तांब्या खाली ठेवला. शेवटच्या दोन झाडांकडे पाहिलं.

"वाटीचं मला माहीत नव्हतं," मग म्हणाली. "पाण्याचं माहीत होतं. आधी या शेवटच्या दोघांपर्यंत पोचायचं. मग पोचेना. मला वाटायचं माझंच दारं धरणं, झाडाझाडाला पाणी वळवणं, चुकतं. दोन वर्षं मी स्वतःलाच शिव्या दिल्या."

"मी आज सभेत सांगते."

"नको."

"का?"

"माझी पाळी परवा आहे. आज तू सांगितलंस की भांडण, भांडण झालं की पाट बंद. आणखी आठ दिवस पाणी नाही मिळालं तर ही सगळी जळण होतील. आज मला पाणी पाहिजे, खरं नको."

"म्हणजे तू खोटं बोलणार?"

"पाच वर्षं खरं बोलून बघितलं ना. काय मिळालं?" शेपटावरचीने पदराने मान पुसली. "पाणी मुरू दे. पुढच्या फेरीला तू सांग. मी सांगितलं की कटकट, तू सांगितलंस की साक्ष. माझं नाव तेवढं स्वच्छ कर. बाकी मला सात वर्षांचं काही नको."

"करते," पाटकरीण म्हणाली. शब्द दिला, आणि तिला जरा मोकळंही वाटलं, कारण आज बोलावं लागणार नव्हतं. या मोकळेपणाची तिला नंतर फार लाज वाटली.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळे जमले. मधे टेबलावर वाटी. पाटकरणीनेच ती लखलखीत घासून दिली होती. शेपटावरची पुढे आली, हात साडीला पुसला, वाटीवर ठेवला.

"वाटी खरी," ती म्हणाली. "मी खोटी."

"मागे ऐकू येत नाही," एक नंबर मागून म्हणाला. दोघेतिघे हसले.

मास्तर म्हणाले, "पुरे आता." पण मागून पुन्हा कोणीतरी म्हणालं, "मोठ्याने होऊ दे, आम्ही काय बहिरे?" आणि मास्तर गप्प बसले.

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी इतकं मोठ्याने की शाळेच्या भिंतीवरून आवाज परत आला. वहीत सही केली. मास्तरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं: "बाईंनी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय मान्य केलं. सभेने एकमताने त्यांची पाळी सुरू केली. पाचामुखी परमेश्वर." लोक उठले. वाटीवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. पाटकरीण ते बघत राहिली, आणि पहाटे तिनेच ते राखेने पुसले.

*

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी शेपटावरचीला पाणी मिळालं. चार वाट्या, घासलेल्या. तिकडे वरच्यांनाही घासलेल्याच वाट्या मिळत होत्या, आणि आठ दिवस होत आले तशी वरची शेतं कुरकुरायला लागली. आठव्या दिवशी दुपारी पाटकरीण जेवण घेऊन शेडकडे आली, तेव्हा तिथे पंधरावीस जण जमलेले होते. खालचेही पाळीसाठी येऊन थांबले होते, त्यांत खोरं घेऊन शेपटावरची. मास्तरांना बोलावून आणलं होतं.

"माझी पाळी तोकडी येते," एक नंबर म्हणत होता. "शेवटचे दोन वाफे कोरडे राहतात. पूर्वी असं नव्हतं."

पाटकरणीने डबा खाली ठेवला. याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"तोकडी नाही भाऊजी," ती म्हणाली. "आता बरोबर आली. इतकी वर्षं जास्त येत होती."

मग तिने सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, गाळाच्या आधी काटा सांगितला, सत्तावीसच्या आधी तेवीस, पण सांगितलं सगळं. लोक एकमेकांकडे बघू लागले. खालचा एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे ही खरं बोलत होती?" आणि सगळ्यांच्या माना शेपटावरचीकडे वळल्या. तेवढ्या क्षणापुरतं पाटकरणीला वाटलं, झालं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मास्तर शांतपणे म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पातेल्याच्या काठावर ठेवलं. "सकाळची वाटी अजून घासलेली नाही. सोडा."

पाटकऱ्याने सोडली. सगळे उन्हात उभे राहिले. तेवीस मिनिटांनी वाटी बुडाली, थोडी वरच. "आता घासून द्या वहिनी." तिने घासली. पुन्हा तेवीस.

"दोन्ही सारख्या," मास्तर म्हणाले. "तलावात पाणी कमी, पाटाला जोर नाही. वाफे त्याने कोरडे राहतात."

"सारख्या असणारच," ती म्हणाली. "आठ दिवस मी पहाटेपण घासते ना. तुम्हीच सांगितलंत. भोकात गाळ साचू द्या आणि मग मोजा." ती नवऱ्याकडे वळली. " अहो, तुम्ही सांगा की. तुम्ही स्वतः दोनदा बघितलंत."

पाटकरी पातेल्यात बघत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. एक नंबर म्हणाला, "बोल पाटकरी. तुझ्या घरात सात वर्षं वाटी खोटी चालली का?"

"वाटी तीच आहे," पाटकरी म्हणाला. "चार पिढ्या तीच आहे."

यातला शब्दही खोटा नव्हता.

"मी म्हणत होते," शेपटावरची पुढे आली. "पाच वर्षं मी हेच—"

"तुम्ही तर हात ठेवून सांगितलंत बाई," मास्तर म्हणाले. "वाटी खरी. स्वखुशीने. सही आहे वहीत."

ती थांबली.

मास्तरांचा आवाज मऊ झाला. "वहिनी, तुम्हाला मधे ताप होता. तो डोक्यात जातो कधीकधी. पण आता लोकांच्या मनात शंका आली. सार्वजनिक हितासाठी एकदा वाटीवर हात ठेवा आणि म्हणा. विषय मिटेल."

"ठेव," पाटकरी हळूच म्हणाला. "दोन शब्दांचं काम आहे. घरी जाऊ."

तिने राखेचे हात पदरात गुंडाळले.

"मला हात ठेवायला सांगता?" ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं रोज ठेवला. या वाटीवर माझ्याइतका हात कोणी ठेवलेला नाही. ती खोटी होती."

मग जे झालं ते रीतसर झालं. पाटकरणीने यापुढे वाटीला हात लावू नये, असा ठराव एक नंबरने मांडला. वरच्यांचे हात वर गेले. खालच्यांचेही एकेक करून गेले. आठ दिवस वरच्यांना-खालच्यांना सारखं पाणी मिळत होतं, मग कशाला उकरून काढा. तो म्हातारा जमिनीकडे बघत हात वर करून उभा होता. शेपटावरचीने दोन्ही हातांनी खोऱ्याचा दांडा धरला होता. सगळ्यात शेवटी पाटकऱ्याचा हात वर गेला, खांद्यापर्यंत, जेमतेम.

"एकमताने," मास्तरांनी लिहिलं.

*

घरी पाटकरी चार दिवस बायकोशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "गाव करी ते राव न करी. आपण कोण?" ती भांडी घासत होती, घासत राहिली.

वाटी आता तो स्वतः घासायचा. दोन दिवस पहाटे घासली. तिसऱ्या दिवशी उशीर झाला. मग पहाटेचं राहूनच गेलं, कारण आधी चार पिढ्या कोण पहाटे घासत होतं? आणि वाटीत खोट नव्हती असं सगळ्या गावाने ठरवलंच होतं, तेव्हा एवढी दगदग कशासाठी, हेही त्याला कोणी सांगू शकलं नसतं. दुपारी मात्र तो नेमाने घासायचा. ती कोनाड्यातली वाटी रोज बघायची. भोकात वाळलेला गाळ दिसायचा. हात लावायचा नव्हता.

पुढच्या फेरीत शेपटावरचीच्या पाळीचा दिवस आला. सकाळी पाटकरीण घड्याळासमोर बसून लोखंडाचे आवाज ऐकत राहिली. पहिली पाळी, एकशे आठ मिनिटं. दुसरी, एकशे आठ. नवऱ्याचं जेवण तिने शेजारणीबरोबर धाडलं. मग भिंतीवरचं घड्याळ काढलं, फडक्यात गुंडाळलं, काखेत धरलं आणि उन्हात खाली चालू लागली.

बागेत अकरा झाडं उरली होती. शेपटावरची दारं धरत होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलात. तिने पाटकरणीच्या काखेतलं घड्याळ पाहिलं आणि बांधाकडे खूण केली. पाटकरीण बांधावर बसली, घड्याळ मांडीवर घेतलं; पाळी सुरू झाल्याचं लोखंड वाजलं तेव्हाची वेळ तिने वाटेतच पाहून ठेवली होती.

लोखंड वाजलं तेव्हा पाणी नवव्या झाडाशी होतं.

"किती?" शेपटावरचीने विचारलं.

"ब्याण्णव. सोळा कमी."

शेजारचा आला, पाटात माती ओढून त्याने बांध घातला, पाणी आपल्याकडे वळवलं आणि आपल्या शेताच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. दोघी त्याची पाठ लांब जाईपर्यंत थांबल्या. मग शेपटावरचीने खोरं उचललं. पाटकरणीने घड्याळ बांधावर सपाट दगड बघून ठेवलं, वाकली आणि हातांनीच माती ओढायला लागली. बांध ओला होता, लगेच सुटला. पाणी वळून नवव्या झाडाकडे गेलं.

"वर एक मिनिटही नको," पाटकरीण म्हणाली.

"मला तरी कुठे पाहिजे?"

ती घड्याळापाशी जाऊन बसली. पाणी दहाव्या झाडाच्या आळ्यात शिरलं. तिकडून शेजारी ओरडत येत होता, त्याच्यामागे आणखी दोघेतिघे पळत होते, आणि शेडकडून कोणीतरी लोखंड बडवायला सुरुवात केली होती, पाळीसारखं एकदा नाही, सारखं. शेपटावरचीने मान वर केली.

"तू धर दारं," पाटकरीण म्हणाली. काट्यावरची नजर तिने काढली नाही. "अजून नऊ मिनिटं आहेत."